दात मागे न्यायचा, तर पाय कुठे रोवायचा?



गेले काही रविवार आपण पूल, दोर, कप्प्या, जॅक असं बोलत होतो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, साहेब रिटायर झाले आणि आता भरकटले. आज बोलायचंय दातांबद्दल. मुलांच्या दातांना तार लावतात ना, ब्रेसेस, त्या तारेने दात सरकवताना जोर कशाच्या आधारावर लावायचा, एवढाच विषय. डॉक्टर लोक त्याला अँकरेज म्हणतात.

मी दातांचा डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी इंजिनिअर्सचा माणूस, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा. पण नोकरीतली बरीच वर्षं माझी अँकरेज करण्यातच गेली, फक्त ते नदीकाठी आणि डोंगरात. आणि गेली चार वर्षं मी नातीला घेऊन दातांच्या दवाखान्यात बाकावर बसतोय. त्यातली पहिली दोन वर्षं मी नुसता पेपर वाचत बसलो. ज्या विषयावर मी जवानांना लेक्चर दिली, तोच विषय नातीच्या तोंडात चालू होता आणि माझ्या लक्षात आला नाही. म्हणून आजचा हा भाग.

टेबलावर बघा. हे दोन प्लास्टरचे साचे, नातीच्या वरच्या जबड्याचे. एक उपचार सुरू होण्याआधीचा, दुसरा वर्षभरानंतरचा. हा व्हर्निअर कॅलिपर. आणि ह्या काड्यापेटीत एक वस्तू आहे, ती नंतर दाखवतो.

आधी माझी एक जुनी फजिती सांगतो. मी सेकंड लेफ्टनंट, नवा कोरा. नाल्याच्या काठी एक ट्रक चिखलात ॲक्सलपर्यंत रुतला. मी दुसरा ट्रक मागे उभा केला, विंचची वायर लावली आणि हुकूम दिला, ओढा. वायर ताणली गेली, इंजिन गुरगुरलं, आणि रुतलेला ट्रक होता तिथेच राहिला. ओढणारा ट्रक मात्र हळूहळू घसरत नाल्याकडे निघाला. आमचे सुभेदारसाहेब साताऱ्याकडचे. शांतपणे म्हणाले, "साहेब, आधी मागचा बांधा, मग पुढचा ओढा."

न्यूटनचा तिसरा नियम मी शाळेत पाठ केला होता. कळला त्या दिवशी. वायरीला पुढचं-मागचं काही माहीत नसतं. ती दोन्ही टोकांना सारखीच ओढते. जे टोक कमी घट्ट, ते हलतं.

आपल्या भाषेत नांगर हा शब्द दोन गोष्टींना आहे. जहाजाचा नांगर आणि शेतातला नांगर. मला ह्यात नेहमी गंमत वाटते, कारण जहाजाचा नांगर धरला नाही, तर तो तळाच्या चिखलातून ओढला जातो, म्हणजे नांगरतच जातो. धरला तर पहिला नांगर, सुटला तर दुसरा. दाढेचंही तेच होतं.

आता नातीकडे येऊ. ती तेव्हा तेरा वर्षांची. वरचे पटाशीचे दात चांगलेच पुढे. ओठ मिटायचा तर हनुवटीला खळ्या पडेपर्यंत जोर करावा लागायचा. शाळेत नावं ठेवायचे. फोटो काढताना तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. मुलगी केंद्र सरकारच्या नोकरीत, तिला इथे लक्ष्मीबाई नगरला क्वार्टर मिळालेलं, जावई बदलीवर बाहेरगावी. म्हणून आम्ही दोघं पुण्याहून इथे आलो, आणि दवाखान्याची ड्युटी माझ्याकडे आली.

पहिल्या दवाखान्यात ठरलं असं: वरच्या दोन उपदाढा काढायच्या, डावीकडे एक, उजवीकडे एक. एक उपदाढ साधारण सात मिलिमीटर रुंद. म्हणजे प्रत्येक बाजूला सात मिलिमीटर मोकळी जागा. त्या जागेत पुढचे सहा दात, म्हणजे दोन सुळे आणि पटाशीचे चार, मागे न्यायचे. कागदावर बेत उत्तम. मलाही पटला.

आता नीट बघा. हा सुळा. इथे रिकामी जागा. ही मागची दाढ. सुळ्याला आणि दाढेला जोडून रबराची साखळी ताणली. साखळी सुळ्याला मागे ओढते, आणि तेवढ्याच जोराने दाढेला पुढे ओढते. जागा बंद होणार हे नक्की. पण ती कुणी बंद केली, सुळ्याने मागे येऊन की दाढेने पुढे येऊन? सगळा खेळ ह्या एका प्रश्नाचा आहे.

दात हाडात सिमेंटने बसवलेला नसतो, हे मला साठीत कळलं. मुळाभोवती तंतूंचं एक पातळ आवरण असतं, जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. दात त्या तंतूंवर टांगलेला असतो. सतत हलका जोर लावला की ज्या बाजूला दाब येतो तिथलं हाड शरीर स्वतःच झिजवतं, आणि ज्या बाजूला ताण येतो तिथे नवं हाड भरतं. दात हाडातून असा वाट काढत जातो. वेग महिन्याला सुमारे एक मिलिमीटर. जोर किती? दात नुसता कलंडवायचा असेल तर ३५ ते ६० ग्रॅम. मुळासकट उभाच्या उभा सरकवायचा असेल तर ७० ते १२० ग्रॅम. शंभर ग्रॅम म्हणजे दोन लिंबं! मी आयुष्यभर टनांत हिशेब केला, मला हे आकडे ऐकून हसूच आलं होतं.

पण ह्यात एक खोच आहे. जोर वाढवला तर दात लवकर सरकेल असं आपल्याला वाटतं. होतं उलटं. दाब फार झाला की त्या पातळ आवरणातला रक्तपुरवठा बंद पडतो, तिथल्या पेशी मरतात, हाड झिजवणारे कामगारच जागेवर राहत नाहीत. मग दात काही आठवडे अडून बसतो. १९५२ साली ऑस्ट्रेलियात स्टोरी आणि स्मिथ ह्या दोघांनी सुळा आणि दाढ एकमेकांना जोडून हे मोजलं. जोर हलका होता तेव्हा सुळा मागे सरकला. जोर बराच वाढवला तेव्हा सुळा थांबला आणि दाढ पुढे आली! कारण सोपं आहे. सुळ्याला एक मूळ, वरच्या दाढेला तीन. तोच जोर दाढेच्या मोठ्या पृष्ठभागावर पसरतो. म्हणजे जो जोर सुळ्याला असह्य, तो दाढेला अगदी बेताचा. पुढे ह्या प्रयोगावर वाद झाले, त्यात मी पडत नाही. पण घाई केली की नांगर सुटतो, एवढं त्यातून माझ्यासारख्यालाही कळतं.

तर आमच्याकडे काय झालं? दहा-अकरा महिन्यांत दोन्ही बाजूंच्या फटी बुजल्या. मी मिठाई आणली. आमची ही म्हणाली, "फट गेली खरी, पण दात तर आहेत तिथेच दिसतायत." मी म्हटलं, तुला उगाच वाटतं. दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, वय वाढेल तसा ओठ बसेल. तिथे डॉक्टर ठरावीक दिवशी बाहेरून यायचे, आणि वर्षभरात तीन बदलले. प्रत्येक नवा डॉक्टर आधीच्याची साखळी बदलायचा, घट्ट करायचा, पुढची तारीख द्यायचा. दाढेच्या मागे आधार म्हणून काही बांधलेलं नव्हतं.

शेवटी मुलीने मला हाताला धरून दुसरीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेल्या. हे इथेच सांगून ठेवतो: बीडीएसनंतर ह्या विषयाचा तीन वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम असतो. दाताला तार लावणारा प्रत्येक जण तो केलेला असतोच असं नाही. विचारायला लाजू नका.

बाईंनी जुना साचा मागवला, नवा काढला, दोन्ही शेजारी ठेवले. मी उत्साहाने म्हणालो, गॅप पूर्ण बंद झाली आहे. त्या म्हणाल्या, "सर, गैप मत देखिए, मोलर देखिए." आणि त्यांनी साच्यावर टाळूकडे बोट दाखवलं. हे इथे, कॅमेऱ्याजवळ धरतो. टाळूच्या पुढच्या भागात ह्या आडव्या वळ्या दिसतात? जीभ लावून बघा, तुम्हालाही लागतील. दात सरकले तरी ह्यांतली मागची वळी फारशी हलत नाही. तिच्यापासून मोजायचं.

मंडळी, मी मान खाली घातली. सर्व्हे करताना बेंचमार्क न हलणाऱ्या जागेवर घ्यायचा, हे मी कितीतरी पोरांना शिकवलं. आणि नातीच्या बाबतीत मी दोन हलणाऱ्या गोष्टींमधलं अंतर मोजून खूश झालो होतो.

घरी येऊन ह्याच कॅलिपरने मोजलं. सातपैकी साधारण साडेचार मिलिमीटर जागा दाढेने पुढे येऊन खाल्ली होती. पुढचे दात मागे आले होते अडीच. डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे असतो, आधीचा आणि नंतरचा एकावर एक ठेवून बघतात, त्यातही हेच निघालं. दोन चांगले, न किडलेले दात काढून टाकले आणि त्यांची निम्म्याहून जास्त जागा फुकट गेली. ती जागा परत मिळत नाही.

दवाखान्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकलो असतो. पण नाही. पहिल्या डॉक्टरने एक आधार सांगितला होता. वरच्या सुळ्यापासून खालच्या मागच्या दाढेपर्यंत लावायचं बारीक रबर. दोन्हीकडे एकेक. दिवसाचे बावीस तास, फक्त जेवताना काढायचं, रोज नवं घालायचं. त्याचा अर्थ असा की वरच्या पुढच्या दातांना मागे ओढण्याचं ओझं एकट्या वरच्या दाढेवर न टाकता खालच्या अख्ख्या जबड्यावरही टाकायचं. पोरीला ते नको असायचं. तोंड उघडलं की दिसतं, दुखतं. ती माझ्याकडे यायची, "आजोबा, आज राहू दे ना, उद्या पेपर आहे." मी म्हणायचो, राहू दे. आज लग्न आहे, राहू दे. पुण्याला जायचंय, ट्रेनमध्ये कुठे, राहू दे. तिच्या आईला सांगायचं नाही असं आमचं ठरलेलं. शिस्तीवर भाषणं देणारा माणूस मी, सगळ्या रजा मीच मंजूर केल्या.

हे सगळं कळल्यावर मी त्या विषयाच्या मागे लागलो. वाचलं, बाईंना भंडावून सोडलं. आणि वाचताना लक्षात आलं की दातांच्या डॉक्टरांनी दीडशे वर्षांत जे जे उपाय काढले, ते सगळे आमच्या फील्ड इंजिनिअरिंगच्या पुस्तकात वेगळ्या नावाने आहेत.

सगळ्यात साधा प्रकार, दोन सारखे गडी एकमेकांना ओढतायत. पटाशीच्या मधल्या दोन दातांत फट असेल तर दोघांना रबर लावा, दोघं अर्धी-अर्धी वाट चालून मध्ये भेटतात. इथे नांगर लागतच नाही, दोघांनीही हलावं हाच बेत.

मग सॅपरचा तीन-दोन-एक होल्डफास्ट. पुढे तीन मेखा ठोकायच्या, त्यांची डोकी मागच्या दोन मेखांच्या बुंध्याला बांधायची, त्या दोघींची डोकी त्यांच्या मागच्या एकीच्या बुंध्याला. एकटी मेख उपटली जाईल, पण सहा जणी मिळून भार वाटून घेतात. दातांत हेच करतात: पहिली दाढ, दुसरी दाढ, मागची उपदाढ तारेने एकत्र आवळतात, म्हणजे सुळ्यासमोर एक दाढ नसते, एक पलटण असते. पलटण सरकतच नाही असं नाही, कमी सरकते. आणखी एक युक्ती म्हणजे डाव्या-उजव्या दाढा टाळूवरून आडव्या जाड तारेने जोडायच्या. किंवा त्या तारेला पुढे ॲक्रिलिकचं बटण करून ते टाळूच्या उतारावर टेकवायचं. हे हेज नान्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरचं, १९४० च्या दशकातलं, अजून वापरात आहे. बटणाखाली टाळू लाल होतो, अन्न अडकतं, ही त्याची किंमत.

ऑस्ट्रेलियाचे रेमंड बेग ॲडलेडचे. त्यांनी वेगळीच चाल केली. दात कलंडवायला कमी जोर लागतो, उभा सरकवायला जास्त, हे मघाशी सांगितलं. मग पुढच्या दातांना मोकळेपणाने कलंडू द्या आणि मागच्या दाढांना असं पकडा की त्यांना हलायचं असेल तर उभ्याच्या उभंच हलावं लागेल. दाढ त्या भानगडीत पडतच नाही. पुढचे दात नंतर सरळ करून घ्यायचे. आपल्या देशातही ही पद्धत बरीच वर्षं चालली. इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ साली स्थापन झाली, त्यानंतरच्या पिढीतल्या अनेकांचे हात ह्या बारीक तारेवर बसले.

आणि मग तोंडाबाहेरचा नांगर, हेडगिअर. नदीकाठी मेखा धरतील अशी जमीन नसली की आम्ही मागे जाऊन एखादं मोठं झाड शोधतो. इथे झाड म्हणजे मान किंवा कवटी. दाढांना एक धातूची कमान जोडायची, ती गालाबाहेर काढायची आणि मानेमागून पट्ट्याने ओढायची. ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचा जनक म्हणतात तो एडवर्ड अँगल, त्याने सुरुवातीला ते वापरलं आणि मग रबरावर भागतं म्हणून सोडून दिलं. १९४० च्या दशकात ते परत आलं. काम उत्तम करतं, पण घातलं तर. रोजचे बारा-चौदा तास. आणि खेळताना ओढलं गेलं तर कमान उसळून डोळ्याला इजा होऊ शकते, म्हणून त्याला सुटणारा सेफ्टी पट्टा लागतो. चौदा वर्षांच्या मुलीला हे घालून झोपवणं म्हणजे काय ते घरातल्या बायकांना विचारा.

तर हे सगळे नांगर दोन प्रकारचे झाले. एक, जे दातांवरच बांधलेले, म्हणून थोडे तरी सरकणारे. दोन, जे सरकत नाहीत पण मुलाच्या मर्जीवर चालणारे. हे दोन्ही टाळून थेट हाडातच मेख ठोकली तर? हा विचार जुना आहे. १९४५ साली गेन्सफोर्थ आणि हिगली ह्या दोघांनी कुत्र्यांच्या जबड्यात धातूचे स्क्रू बसवून बघितले. सगळे महिनाभरात ढिले होऊन निघाले. मग स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क ह्यांनी दाखवलं की टायटॅनियमला हाड आपलं मानतं, त्याला घट्ट धरून वाढतं. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असं टायटॅनियम बसवलं. ते होतं दात बसवण्यासाठी. दात सरकवण्यासाठी १९८३ साली क्रीकमोर आणि एकलंड ह्यांनी एका रुग्णाच्या नाकाखालच्या हाडात एक स्क्रू बसवला आणि त्याच्या आधाराने वरचे पटाशीचे दात सुमारे सहा मिलिमीटर वर नेले. पुढे १९९७ मध्ये जपानच्या कानोमी ह्यांनी १.२ मिलिमीटर जाडीचा, ६ मिलिमीटर लांबीचा बारका स्क्रू वापरला. तिथून गाडी सुटली ती थांबलीच नाही.

आता काड्यापेटी उघडतो. हा बघा. नातीच्या तोंडातून काढलेला. तिने मला भेट दिला.

नेहमीचा मिनी स्क्रू ह्याहून लहान असतो, दीड मिलिमीटरच्या आसपास जाड, आठ मिलिमीटर लांब. तो वरच्या मागच्या उपदाढेच्या आणि पहिल्या दाढेच्या मुळांच्या मध्ये हिरडीतून हाडात बसवतात. जागा भुलवायची, एक्स-रेवर मुळांमधलं अंतर बघायचं आणि हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा. पाच-दहा मिनिटांचं काम. मग साखळी सुळ्यापासून दाढेला न बांधता ह्या स्क्रूला बांधायची. दाढेला कुणी हातच लावत नाही. हा स्क्रू हाडाशी एकजीव व्हायची वाट बघत नाहीत, सुताराच्या स्क्रूसारखा तो आट्यांच्या पकडीवर उभा असतो, म्हणून काम झालं की उलटा फिरवून काढता येतो.

नातीचा हा मोठा, दोन मिलिमीटर जाड, बारा लांब. कारण तिच्या बाबतीत जागाच उरली नव्हती. आता वरची अख्खी रांग, दाढांसकट, मागे ढकलायची होती, आणि मुळांच्या मध्ये स्क्रू असला तर मुळंच त्याला येऊन धडकणार. म्हणून बाहेरच्या बाजूला, गालाच्या हाडाचा कंगोरा जिथे वरच्या जबड्याला येऊन मिळतो, तिथे बसवला. पुलाला जसा धिरा असतो, तसा तो चेहऱ्याचा धिरा आहे. कुणी बनवलंय कुणास ठाऊक, पण सॅपरने पास करावं असं काम आहे.

बसवायच्या दिवशी मी बाहेर बसलो होतो. पेपर उलटा धरला होता असं नातीने नंतर घरी सांगितलं. तिला इंजेक्शन टोचलं तेवढंच लागलं म्हणे.

आता स्क्रू म्हणजे रामबाण, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. शंभरात दहा-पंधरा स्क्रू ढिले होतात. हाडाचा वरचा थर पातळ असेल, लहान वयात हाड मऊ असेल, स्क्रू मुळाला टेकला असेल, भोवतीची हिरडी सुजली असेल, कारणं पुष्कळ. आपल्याकडे खुंटा हलवून बळकट करतात, हा खुंटा हलवला की जातो. नातीला जिभेने आणि बोटाने चाचपायची सवय, तिसऱ्या आठवड्यात डावीकडचा डुलायला लागला. काढला, थोडा बाजूला दुसरा बसवला. त्यानंतर रोज रात्री स्क्रूभोवती मऊ ब्रश फिरवायचं काम तिने स्वतः केलं. मी विचारायचो नाही, फक्त बेसिनजवळून जायचो.

चौदा महिने लागले. पुढचे दात आणखी जवळपास तीन मिलिमीटर मागे आले. पहिल्याच वेळी नांगर धरला असता तर ह्याच्या निम्म्या वेळात, जास्त झालं असतं. आता ओठ सहज मिटतो. अजून किंचित पुढे आहेत दात, मला दिसतात. तिला दिसत नाहीत, किंवा ती बोलत नाही.

एक गोष्ट राहिली. प्रत्येक वेळी दाढ जागच्या जागीच राहिली पाहिजे असं समजू नका. कधी पुढचे दात फारसे मागे न्यायचेच नसतात, थोडी गर्दी सोडवली की झालं, आणि उरलेली जागा दाढेने पुढे येऊनच भरायची असते. तिथे कुणी घट्ट नांगर टाकला तर चेहरा उगाच आत बसेल. म्हणून डॉक्टर आधी ठरवतात: काढलेल्या दाताच्या जागेतला पाव भागच दाढेला द्यायचा, की अर्धा, की त्याहून जास्त. तुम्ही मुलाला किंवा नातवाला घेऊन जाल तेव्हा दात काढायच्या आधी हेच विचारा. ह्या सात मिलिमीटरमधले पुढच्यांना किती, मागच्याला किती, आणि मागच्याला कशाने धरणार? डॉक्टर चांगला असेल तर त्याला प्रश्न आवडेल, कागद ओढून चित्र काढून दाखवेल. चिडला तर तेही कळलं. आणि मध्ये एकदा नवा साचा काढून टाळूच्या वळ्यांपासून मोजायला सांगा. ते पारदर्शक साच्यांचे अलाइनर निघालेत, त्यांनाही हेच विचारा. तार दिसत नाही म्हणून न्यूटन रजेवर गेला असं होत नाही.

रबर सांगितलं असेल तर घरात आजोबांना आधी बोलावून घ्या.

आता तार निघाली आहे. रात्री रिटेनर लावायचं असतं, कारण हिरडीतले ताणलेले तंतू दाताला जुन्या जागी खेचायला बघतात. रोज साडेदहाला मी तिच्या दारावर टकटक करतो. आतून आवाज येतो, "लावलंय आजोबा, तुम्ही झोपा." बोलणं जरा बोबडं आलं की समजायचं खरंच लावलंय. परवा अगदी स्पष्ट आलं, तेव्हा मी दारातच उभा राहिलो.

पुढच्या रविवारी परत पुलाकडे जाऊ, बेलीकडे. नमस्कार.